शार्डोनेचे कुळशील

लग्नातल्या वरमाईलासुद्धा वाईनच्या बाबतीत फ्रेंच माणसाइतका ताठा जमायचा नाही. त्यातून वाईन बर्गंडीची पांढरी असली तर विचारूच नका. ही होते शार्डोने नावाच्या द्राक्षापासून, आणि त्याच नावाचे खेडे बर्गंडीत आजही आहे. म्हणजे गाव आमचं, द्राक्ष आमचं, मठातल्या साधूंनी शतकानुशतके राखलेले मळे आमचे. इतरांची शार्डोने म्हणजे फार तर लांबच्या चुलत घरातली!

अशा या मुलखात, खुद्द पॅरिसमध्ये, स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज वाईनचे दुकान चालवीत होता. हे म्हणजे घाटावरच्याने मालवणात जाऊन मासे विकणे! १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे होत होती. ते निमित्त साधून त्याने आणि पॅट्रिशिया गॅलाघर या सहकारिणीने कॅलिफोर्नियाची वाईन फ्रेंच जाणकारांना चाखवायचे ठरवले. बाटल्या आल्या अमेरिकन पर्यटकांच्या सामानातून. (परदेशातल्या भाच्याला कुणाकुणाबरोबर मेतकूट पाठवणाऱ्यांना यात नवल वाटू नये.)

२४ मे रोजी एका बड्या हॉटेलात ९ फ्रेंच परीक्षक बसले. समोर १० पांढऱ्या वाईन, ४ बर्गंडीच्या आणि ६ कॅलिफोर्नियाच्या. गुण २० पैकी. आणि नावे झाकलेली! सगळा घोटाळा झाला तो इथे.

बातमीदार एकच आला होता, 'टाइम'चा जॉर्ज टेबर. निकाल ठरलेलाच, मग बाकीचे कशाला येतात? टेबरच्या हातात मात्र कुठल्या क्रमांकाची वाईन कोणती याची यादी होती, त्यामुळे त्याची फुकटात करमणूक झाली. एका परीक्षकाने घोट घेतला आणि आपण पुन्हा फ्रान्सला पोचलो म्हणून समाधानाचा सुस्कारा सोडला. ती वाईन नापा खोऱ्यातली होती. दुसऱ्याने पेला हुंगून, याला वासच नाही, ही कॅलिफोर्नियाचीच, असे ठणकावले. ती निघाली बातार-मोंत्राशे, बर्गंडीतले अगदी वरच्या पायरीचे घराणे!

पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मोंतेलेना, १९७३ सालची. दुसरी बर्गंडीची मर्सो-शार्म. तिसरी आणि चौथी पुन्हा कॅलिफोर्नियाच्या. फ्रान्समधल्या एका वजनदार वाईन-मासिकाच्या संपादिका ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली, स्परियरने ती दिली नाही. पेपर परत मागणारे परीक्षार्थी पुष्कळ पाहिले. परीक्षकाने मागितल्याचे माझ्या माहितीतले हे एवढेच उदाहरण.

बरे, ही मोंतेलेना बनवणारा माइक ग्रगिच तरी कुठे अस्सल अमेरिकन? क्रोएशियातल्या खेड्यातला, अकरा भावंडांतले शेंडेफळ. १९५८ साली नशीब काढायला कॅलिफोर्नियात आला होता.

फ्रेंचांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. आमच्या वाईनला मुरायला वेळ लागतो, शिवाय चारांविरुद्ध सहा हा कुठला न्याय? मुद्दे खोटे नाहीत. थंड हवेतली, चुनखडीच्या जमिनीतली बर्गंडी जरा आंबट, जपून बोलणारी. उन्हात पिकलेली कॅलिफोर्नियाची शार्डोने भरल्या अंगाची, पहिल्या भेटीतच गप्पा मारणारी. एका दुपारच्या पाहुणचारात दुसरीच भाव खाऊन जायची. फक्त हे शहाणपण निकालाआधी सुचायला हवे होते.

कुळाचा प्रश्न १९९९ साली सुटला. शास्त्रज्ञांनी जनुके तपासून शार्डोनेचे आईबाप शोधून काढले. एक पिनो, म्हणजे बर्गंडीचा खानदानी. दुसरी गुए ब्लां, गोरगरिबांच्या मळ्यातली हलकी जात, जी लावू नये म्हणून फ्रान्समध्ये पूर्वी अनेकदा हुकूम निघाले होते. लेबलावर ही माहिती सहसा छापत नाहीत.