दगडी मशीद आणि परसातला माणगा

दाभोळचे नाव निघाले म्हणजे इतिहासाच्या वाचकाला प्रथम घोडे आठवतात. बहामनी अमदानीत अरबस्तान-खुरासानचे घोडे ह्या बंदरात उतरत, आणि अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इ. स. १४७० च्या पुढेमागे परतीच्या प्रवासाला येथूनच जहाजावर चढला. मग आठवते ती आग. चौलच्या लढाईत पुत्र मारला गेल्याचा संताप मनात धरून पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा आरमारासह वाशिष्ठीच्या मुखात शिरला आणि १५०८ च्या डिसेंबरअखेर त्याने हे गाव जाळून टाकले. पुढे दीडशे वर्षांनी, आदिलशाहीच्या उत्तरकाळात, बंदराजवळ जी देखणी दगडी मशीद उभी राहिली ती आपण आजही पाहतो. लोक तिला अंडा मशीद म्हणतात.

घोडे, आग आणि मशीद ह्या तिन्हींच्या मधे जे गाव होते, ते कशाचे होते? जळालेले गाव पुन्हा उभे राहते ते कशाने? बखरी राजांविषयी बोलतात, घरांच्या वाशांविषयी बोलत नाहीत. पण कोकणातले जुने घर ज्याने पाहिले आहे त्याला हे कोडे पडू नये. कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, त्याखाली बांबूच्या कामट्या, अंगणात मांडव आणि भोवती कुंपण, हे सारे बांबूवाचून होत नाही. त्या मशिदीचा घुमटदेखील परांची बांधल्याखेरीज चढला नसेल. काम संपले, परांची उतरली, तिची लाकडे आणि बांबू कोणाच्या तरी गोठ्यात गेले असतील. दगड राहिला आणि इतिहासात त्याचीच नोंद झाली.

आपल्याकडे बांबू हा शब्द आपण सरसकट वापरतो, परंतु शेतकरी तसे करीत नाही. रानात व ओहोळाच्या काठी वाढतो तो काटेरी, पोकळ कळक. परसात लावतात तो माणगा. माणग्याला काटे नाहीत आणि त्याची काठी जवळजवळ भरीव असते. शास्त्रज्ञांनी त्याला कंपनी सरकारच्या काळातील स्टॉक्स नावाच्या वनस्पतिज्ञ डॉक्टरचे नाव दिले. १८६८ साली मन्रो ह्याने बांबूंवरील आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. ह्या माणग्याचा एक विशेष मला फार मोलाचा वाटतो. त्याला क्वचित फुलोरा येतो, पण बी धरत नाही. कंद खणून किंवा काठीचा तुकडा रोवूनच तो वाढवावा लागतो. म्हणजे कोकणातल्या परसांत माणग्याची जी बेटे दिसतात, ती कोणाच्या तरी हाताने लावलेली आहेत. कोणी मामाच्या गावाहून कंद आणला असेल, कोणी सासरी जाताना नेला असेल. ताम्रपटांइतकाच हाही एक दस्तऐवज आहे. फक्त तो वाचण्याची सवय आपल्याला नाही.

बांबू हे झाड नव्हे, गवत आहे, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. पावसाळ्यात कोंब वर येतो आणि दोनतीन महिन्यांत आपली सगळी उंची गाठतो. त्यानंतर तो उंचही होत नाही, जाडही होत नाही. दोनतीन वर्षे नुसता पिकतो. म्हणून जाणता माणूस बेटातल्या जुन्या काठ्या तोडतो आणि कोवळ्या राखतो. तोडही पाऊस सरल्यावर थंडीत करायची आणि काठ्या काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायच्या. काठीतला गोड अंश पाण्यात उतरतो व किडा लागत नाही. एवढे पाळले तर बेट पिढ्यान्‌पिढ्या पुरते.

ह्या काठीला हात लागतो तो बुरुडाचा. सूप, रोवळी, दुरडी, हारा, कणगी, पावसातले इरले, आंबा उतरवायच्या झेल्याची काठी, तो मुंबईस धाडायची करंडी! लग्नात ऐरणीदानाला जी दिव्यांची टोपली वराकडच्या मंडळींच्या मस्तकी धरतात तीही वेळूचीच, कारण वंश ह्या शब्दाचे कूळ आणि वेळू असे दोन्ही अर्थ. आणि शेवटी तिरडीही बांबूचीच. जन्मभर ज्याच्या हातचे लागते त्या बुरुडाला गावाने वेशीजवळची जागा दिली, ही गोष्ट आपण विसरू नये.

सरकारनेही त्याला फारशी बरी वागणूक दिली नाही. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला ‘झाड’ ठरविले. गवताचे झाड केल्याने तोडीला व वाहतुकीला परवाने आले. उलट कागद गिरण्यांना सरकारी रानातला बांबू नाममात्र दराने मिळे. आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्यात दांडेलीच्या आसपास माधव गाडगीळ ह्यांनी १९७५ नंतर ह्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसले ते मोठे शिकण्याजोगे होते. बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. गावकरी ते तसेच ठेवीत. गिरणीच्या माणसांनी ते ‘साफ’ केले, आणि उघडे पडलेले कोंब गुरांनी व जनावरांनी खाऊन टाकले. दोष गावकऱ्यांच्या तोडीवर टाकला जात होता! पुढे २०११ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले, आणि २०१७ मध्ये रानाबाहेरचा बांबू कायद्याच्या ‘झाडां’तून वगळला गेला. म्हणजे गवताला पुन्हा गवत व्हायला नव्वद वर्षे लागली.

आता बांबूची हवा आहे. त्याला हिरवे सोने म्हणतात, सर्व दुःखांवरचे औषध म्हणतात. मला ह्या उत्साहाची थोडी भीती वाटते. काही जाती कित्येक दशकांनी एकदाच, आणि साऱ्या मुलखात एकदम फुलतात व मरून जातात. मिझो टेकड्यांत १९५८-५९ साली तसे झाले; बियांवर उंदीर माजले, मग ते शेतांत शिरले, दुष्काळ पडला, सरकारी मदत अपुरी ठरली, आणि त्या रोषातून उठलेल्या चळवळीने १९६६ मध्ये बंडाचे रूप घेतले. शांततेचा करार व्हायला १९८६ साल उजाडले. आपला कळकही असाच चाळीसपन्नास वर्षांनी फुलून मरणारा. माणगा तसा नाही. म्हणूनच कोकणच्या माणसाने रानातून काठी आणावी लागली तरी दाराशी मात्र माणगाच लावला असावा.

दाभोळच्या धक्क्यावरून धोपाव्याकडे फेरीबोट निघते, तेव्हा मशिदीचा घुमट थोडा वेळ दिसत राहतो. त्यामागे चढणीवर घरे आहेत. जून लागला की तेथल्या परसांत, पाचोळ्याच्या ढिगातून, माणग्याचे कोंब वर येतात, आणि घरची बाई पोरांना सांगते, तिकडे खेळायला जाऊ नका, पाय पडेल.