इंग्रॅम मायलेकरांचा खटला

इतिहास म्हटला की तह, लढाया आणि सनावळ्या आपल्यापुढे उभ्या राहतात. आज आम्ही सांगणार आहो त्या हकीकतीचा आरंभ मात्र जनावरे शेजाऱ्याच्या रानात शिरण्यापासून होतो. असले भांडण आपल्याकडे कोणत्या गावाला नवे आहे? पण हे गाव होते अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानातले.

रोझा ली इंग्रॅम ही कृष्णवर्णीय विधवा तेथे वाट्याने जमीन कसत असे. बारा मुलांची आई. नोव्हेंबर १९४७ मध्ये जनावरांचे निमित्त होऊन शेजारचा गोरा कूळ बंदूक घेऊन आला व त्याने तिला मारहाण केली. मुले आईला सोडवायला धावली. त्या झटापटीत डोक्यावर घाव बसून तो मेला. जानेवारी १९४८ मध्ये खटला चालला. चालला म्हणण्यापेक्षा उरकला म्हणावे, कारण त्याला एक दिवस पुरला. ज्यूरीत सारे गोरे पुरुष. आई आणि तिची दोन अल्पवयीन मुले, तिघांनाही विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली. देशभर ओरड झाली, तेव्हा एप्रिलमध्ये तिच्या जागी जन्मठेप आली.

देहान्त टळला की लोकांचे लक्ष उडते, हा सगळीकडचाच अनुभव आहे. येथे कृष्णवर्णीय स्त्रियांनी ते उडू दिले नाही. त्यांच्या समितीच्या अग्रभागी होत्या मेरी चर्च टेरेल. जन्म १८६३ चा, आईबाप एके काळी गुलामगिरीत राहिलेले. नातवंडांनी काठी हाती आणून द्यावी अशा वयात ही बाई सभा घेत होती. (याच सुमारास त्या वॉशिंग्टनमधल्या उपाहारगृहांतील वर्णभेदाशीही झगडत होत्या, तो दावा १९५३ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला.) मातृदिन आला की समितीच्या स्त्रिया राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याकडे कार्डे धाडण्याची मोहीम काढीत. आम्हांला ही युक्ती मोठी मार्मिक वाटते. ज्या दिवशी सारा देश आईचे गोडवे गातो, त्याच दिवशी तुरुंगातली एक आई त्यांनी सरकारच्या मेजावर नेऊन ठेवली. गोऱ्या स्त्रीच्या अब्रूसाठी जे संस्थान कायद्याची आणि दोरीचीही वाट सोडून धावते, ते काळ्या स्त्रीने स्वतःचे रक्षण केले तर तिला खुनी ठरवते, एवढेच त्यांना दाखवायचे होते.

१९४९ साली हे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघापुढे गेले. अर्ज लिहिला होता डॉ. डुबॉइस यांनी. हे नाव महाराष्ट्राला परके नाही. अमेरिकेतील काळ्या लोकांनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचून १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी त्याची प्रत मागणारे पत्र याच डुबॉइसांना लिहिले होते. अस्पृश्यांचे गाऱ्हाणेही तेथे न्यावे, असा त्यांचा विचार होता. पण तक्रारींवर कारवाई करण्याचा आपणांस अधिकार नाही, असे मानवी हक्क आयोगाने १९४७ मध्येच सांगून टाकले होते. इंग्रॅमबाईंच्या अर्जानेही तुरुंगाचे दार उघडले नाही.

स्त्रिया मात्र थांबल्या नाहीत. १९५१ च्या सप्टेंबरअखेर निरनिराळ्या संस्थानांतून शंभरावर कृष्णवर्णीय स्त्रिया वॉशिंग्टनला जमल्या. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रूथ हिचे नाव त्यांनी आपल्या संघटनेला दिले होते. कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ कोर्टाने वा जमावाने हिरावलेला. अशा बायकांना एकमेकींचा आधार देणे आणि मग सरकारला जाब विचारणे, असा त्यांचा दुहेरी उद्योग होता. तो काळ साम्यवादाच्या धास्तीचा. संघटनेवर गुप्त पोलिसांची नजर होती, आणि ती फार काळ टिकली नाही.

टेरेलबाई १९५४ मध्ये वारल्या. तिघे मायलेक सुटले ते ऑगस्ट १९५९ मध्ये, आणि तेही निर्दोष म्हणून नव्हे, पॅरोलवर. घरी राहिलेली धाकटी भावंडे तोवर मोठी झाली होती.