पुसता पुसता राहिलेला ठिपका

१० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचा पहिला फोटो आला आणि सगळ्यांच्या मोबाइलवर तेच नारिंगी कडं दिसू लागलं. ते कृष्णविवर एम ८७ या महाकाय लंबगोल दीर्घिकेच्या मध्यभागी आहे, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. मी मात्र तिच्याबद्दल वाचताना अडकलो ते भोवतीच्या बारीक ठिपक्यांत.

१७८१ मध्ये शार्ल मेसिएने नोंद केली तेव्हा एम ८७ हा नुसता धूसर डाग होता. १९१८ मध्ये हेबर कर्टिसला त्यातून निघणारी सरळ रेघ दिसली. भोवतीचे ठिपके म्हणजे गोलाकार तारकागुच्छ आहेत, हे १९५५ मध्ये विल्यम बाम यांनी मांडलं. अशा एकेका गुच्छात लाखो तारे असतात. आपल्या आकाशगंगेभोवती असे गुच्छ दीडशेच्या वर आहेत. एम ८७ भोवती बारा हजारांच्या आसपास!

एवढे आले कुठून? १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने त्यांचे रंग मोजले, तेव्हा निळसर आणि तांबूस असे दोन गट पडले. निळसर गुच्छांत लोखंडासारखी जड मूलद्रव्यं कमी, तांबूस गुच्छांत जास्त. बहुतेकांचा अंदाज असा, की तांबूस गुच्छ मुख्यतः घरचे आणि निळसर बरेचसे गिळलेल्या छोट्या दीर्घिकांबरोबर आलेले. त्या दीर्घिका विरघळून गेल्या, गुच्छ तेवढे उरले. सर्व्हर कोसळल्यावर आमच्याकडे लॉग उरतात, तसे.

नेल्सन कॉल्डवेल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये यातल्याच एका गुच्छाबद्दल लिहिलं. गुच्छांचे वेग संगणक आपोआप काढत होता. एम ८७ आपल्यापासून सेकंदाला सुमारे १३०० किलोमीटर वेगाने दूर जाते. हा गुच्छ मात्र हजार किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होता. असे विचित्र आकडे बहुधा चुकीचेच निघतात, पण ते माणसाने तपासायचे असा त्यांचा शिरस्ता होता. हा आकडा खरा निघाला. कदाचित जुन्या विलीनीकरणातून एकत्र आलेल्या दोन कृष्णविवरांनी या गुच्छाला बाहेर भिरकावलं असावं.

हे वाचून मी चपापलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डेटा साफ करणारा कोड लिहिला होता. सरासरीपासून फार लांबच्या नोंदी तो परस्पर पुसायचा. त्यात खऱ्या किती होत्या, हे आता कळायला मार्ग नाही. हल्ली मी अशा नोंदी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि शुक्रवारी संध्याकाळी एकेक उघडून बघतो. बहुतेक चुकाच असतात.