गिळणे वेगळे, मारणे वेगळे

२०२१ चा उन्हाळा आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. करोनातून उठलेल्या माणसाचा डोळा सुजे, टाळू काळवंडे, कधी जबड्याचे हाडच काढावे लागे. 'काळी बुरशी' हे नाव घरोघरी पोचले. ही बुरशी मात्र नवी नव्हती. तिचे बीजाणू हवेत नेहमीच असतात. मग ती त्याच वर्षी एवढी का माजली?

उत्तरासाठी १८८४ सालाकडे जावे लागेल. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ तेव्हा डॅफ्निया हा पाण्यातला इवलासा पारदर्शक जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. बुरशीवर्गातील एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू त्याचे आतडे भेदून आत शिरत आणि रक्तपेशी त्यांना घेरून गिळत. पेशी जिंकल्या तर जीव वाचे, हरल्या तर मरे. पेशींच्या या पहाऱ्याचा सिद्धान्त मांडणाऱ्या मेचनिकॉफ यांना १९०८ चे नोबेल पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि जखडलेले सांधे हलू लागले. शरीराचा स्वतःवरचाच राग शमवणारे औषध सापडले होते. १९५० च्या नोबेलात हेंच यांचा वाटा होता. पण कॉर्टिसोन दिलेल्या उंदरांत एक वेगळीच गोष्ट दिसली. फुप्फुसातील भक्षक पेशी बुरशीचे बीजाणू गिळत, पण त्यांना मारू शकत नसत. पाचकरसाच्या पिशव्या गिळलेल्या बीजाणूपर्यंत नीट पोचत नसत, आणि तो आतच रुजे. पहारेकरी जागेवर होता. त्याचे शस्त्र तेवढे बोथट झाले होते.

जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवले, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी करते. प्राणवायू न लागणाऱ्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. दुसऱ्या लाटेत ही मर्यादा अनेक ठिकाणी पाळली गेली नाही. गरज नसताना, जास्त मात्रेत, जास्त दिवस गोळ्या घेतल्या गेल्या. त्यात मधुमेह, आणि स्टिरॉइडने साखर आणखी चढते. बुरशीला रान मोकळे मिळाले.

म्हणून औषधाला दोष देऊन भागणार नाही. दमा, संधिवात किंवा मूत्रपिंडरोपण यांसाठी आपल्या घरातही कोणी अशी औषधे घेत असेल. ती मनाने सुरू करू नयेत, आणि भीतीने अचानक बंदही करू नयेत. चेहरा दुखला, नाकातून काळसर स्राव आला, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. शस्त्र बोथट असते तेव्हा घरच्यांनीच पहारा द्यायचा असतो.