घरच्या बंदुकीत काय भरावे?

दसऱ्याला शस्त्र पूजावे आणि दिवाळीला दारू उडवावी, असा आपला वार्षिक क्रम आहे. खंडेनवमीला विळी-कोयत्याबरोबर वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या वाड्यात अजून बंदूकही पाटावर मांडली जाते. तिला गंधफूल वाहतात, झेंडूची माळ घालतात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कपाटात जाते. तिच्या नळीत भरावे काय, हा प्रश्न पूजेला बसलेल्यांपैकी कोणाला पडत नाही. एके काळी मात्र तो मोठ्या जोखमीचा प्रश्न होता. घरावर दरोडा आला तर बंदुकीत एकच गोळी असावी की मूठभर छर्रे, हे घरचा कर्ता पुरुष ठरवीत असे. पुढे हा निर्णय त्याच्या हातून गेला. तो कसा गेला, हे वाशीमच्या मुलखाकडे पाहिले म्हणजे चांगले ध्यानात येते.

लुटीशी या मुलखाचा परिचय जुना. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मराठी फौज थेट वऱ्हाडात कारंज्याला येऊन थडकली. कारंजे म्हणजे सावकारांचे, व्यापाऱ्यांचे गाव. चार हजार बैल आणि गाढवे लादून लूट गेली, गावचे बडे असामी खंडणीसाठी धरून नेले, असे यदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. त्यांतला सर्वांत मोठा आसामी तेवढा बायकी वेष करून निसटला. बायकांना हात लावायचा नाही, हा महाराजांचा दंडक शत्रुपक्षालाही पाठ होता. आत्मसंरक्षणाचे एवढे गुणकारी आणि बिनखर्ची साधन त्या दिवशी कारंज्यात दुसरे नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

पेंढाऱ्यांपुढे असली युक्ती चालती ना. त्यांना बायकापोरांची पर्वा नव्हती. १८०९ मध्ये त्यांनी वाशीम लुटले. पण पेंढाऱ्यांचेही एक वर्म होते. ते हलके स्वार. वेढा घालून बसणे त्यांच्या धंद्यात नव्हते. जिथे भिंत उंच आणि आतून चार बार निघतात, तिथे वेळ न दवडता ते पुढच्या गावाकडे वळत. म्हणूनच वऱ्हाडातल्या गढ्या. पांढऱ्या मातीच्या, बैलगाडी चालेल एवढ्या रुंद भिंती, कोपऱ्यांवर बुरूज आणि भिंतींत जंग्या. आज बहुतेक गढ्यांची माती पावसाने वाहून गेली आहे, तरी गावात शिरताना डोळ्यांत भरतो तो उंचवटा गढीचाच.

त्या जंग्यांतून डोकावणारी बंदूक तोडेदार असे. नळीत आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग गोळी, आणि गजाने सगळे ठासायचे. कानात चिमूटभर बारीक दारू घालायची आणि जळती जामगी तिथे टेकवायची. पावसाळ्यात जामगी विझे. रात्री ती विझू नये म्हणून फुंकत बसावे, तर तिचा लाल ठिपका अंधारात चोरालाच दिसे! दारू बनवायची ती तीन हिस्से सोरा आणि उरलेल्या एका हिश्श्यात गंधक व कोळसा या अंदाजाने. कोळशाला तुरीच्या काड्या चांगल्या, आणि तुरीला वऱ्हाडात तोटा कधीच नव्हता. तात्पर्य, आज मुले अंगणात जो भुईनळा लावतात त्याचेच हे थोरले भावंड, आणि ते घरात धान्याच्या कणगीशेजारी नांदत होते. एखादी ठिणगी उडाली तर दरोडेखोरांची वाट पाहायची गरजच नव्हती.

आता गोळी की छर्रे? बुरुजावरून शेतातल्या स्वारावर नेम धरायचा तर शिशाची एकसंध गोळी हवी; छर्रे तेवढ्या अंतरावर विखरून जातात. दिंडीच्या आत, दहा पावलांवर, अपरात्री, झोपेतून उठून नेम धरायचा म्हटले तर गोळी चुकण्याचाच संभव अधिक. तिथे छर्ऱ्यांचा पसारा उपयोगी. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गढीच्या भिंतीत गोळी रुतून बसेल, पण गावातली बाकीची घरे कुडाची. चोराला चुकलेली किंवा चोरातून आरपार गेलेली गोळी कुडाच्या भिंतीतून पलीकडे निजलेल्या माणसापर्यंत पोहोचते. छर्रा लहान आणि हलका. त्याचा जोर लवकर मरतो. घरासाठी बार निवडताना चोराइतकाच शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो, हे या व्यवहाराचे मर्म आहे आणि ते अजून बदललेले नाही.

बंदुकांचे हे खासगी राज्य फार दिवस टिकणार नव्हते. १८१९ मध्ये उमरखेडकडच्या हटकरांचा नायक नोसाजी याला निजामाच्या फौजेने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नोव्याच्या गढीत कोंडून ती हल्ला करून घेतली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्यानंतर जे झाले त्यातली विसंगती मोठी मौजेची आहे. १८६० च्या दंडसंहितेने इंग्रजांनी घरमालकाला सांगितले की, रात्री घर फोडून कोणी आत आला तर जरुरीपुरते, पण प्रसंगी त्याचा जीव घेण्यापर्यंतही, तू स्वतःचे रक्षण करू शकतोस. (२०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही हा हक्क शाबूत आहे.) आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या शस्त्र कायद्याने त्याच घरमालकाची बंदूक परवान्याखाली घातली, युरोपियनांना मात्र सूट. हक्क ठेवला, हत्यार काढून घेतले. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले ते उगीच नव्हेत.

परवाना मिळाला तरी बार निवडायची मुभा नव्हती. सरकारला खरी धास्ती बंदुकीची नव्हती, काडतुसाची होती. काडतुसावाचून बंदूक म्हणजे लोखंडी काठी. छावणीतून चोरलेले लष्करी काडतूस ज्या हत्यारात बसेल ते हत्यार रयतेच्या घरी असता कामा नये, असे धोरण ठरले. हे धोरण इतके कडक की, १९०७ च्या सुमारास पॉइंट चारशे पन्नास मापाच्या रायफलींना हिंदुस्थानात मनाई झाली तेव्हा हत्तीच्या शिकारीला जाणाऱ्या साहेबांचीही पंचाईत झाली, आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांना त्यांच्यासाठी पॉइंट चारशे सत्तरसारखी नवी मापे काढावी लागली. साहेबाला नवे माप मिळाले. आपल्या माणसाच्या वाट्याला आली बारा बोअरची दोननळी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यातून नेमकी जाईल ती ही नळी. तिच्या काडतुसांत एलजी, एसजी या नावांचे मोठे छर्रे आणि पाखरांसाठीचे बारीक छर्रे मिळत, म्हणजे आजोबांची निवड थोडीफार उरली.

छोट्या हत्याराचे तसे नाही. लष्कराकडे पॉइंट चारशे पंचावन्नची आणि पुढे पॉइंट तीनशे ऐंशीची रिव्हॉल्व्हरे, नंतर नऊ मिलिमीटरची पिस्तुले. ती काडतुसे ज्यांत बसतात ती हत्यारे १९६२ च्या नियमांनीही सामान्य माणसाला निषिद्धच ठेवली. मग उरले बत्तीस बोअर. भारतात घरगुती रिव्हॉल्व्हर म्हटले की बत्तीस बोअर हेच माप तोंडी येते, त्याचे कारण हे आहे. ते कोणी गुणदोष तोलून निवडले नाही. सैन्याला नको म्हणून ते घराला मिळाले. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, तेही याच मापाचे.

गोळीच्या आकाराचेही तसेच. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर टोक मऊ ठेवलेली, अंगात शिरताच पसरणारी गोळी निघाली. १८९९ च्या हेगच्या परिषदेने युद्धात ती वर्ज्य ठरवली. तिकडे अमेरिकेत पोलीस आणि घरमालक पोकळ टोकाची गोळी मुद्दाम पसंत करतात. ती माणसात थांबते, भिंतीपलीकडच्याला लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे फिरून आपला कुडाच्या भिंतीचाच मुद्दा! रणांगणावर जी क्रूर ठरली ती वस्तीत सावधपणाची ठरली. आपल्याकडे हा वाद घरोघरी झालाच नाही, कारण तशी निवड कोणी समोर ठेवलीच नाही.

स्वातंत्र्यानंतर ती मुभा परत मिळावी असे वाटणारे होते. कराचीच्या १९३१ च्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत मानला होता. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तो घटनेत घालण्याची सूचना मांडली. कामत हे मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, हे इथे नमूद करण्याजोगे. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही; असा हक्क सरसकट दिला तर तो चोरांनाही द्यावा लागेल, हा त्यांचा आक्षेप. मला तो बिनतोड वाटतो. ज्या गावात एकच गढी असते तिथे शस्त्राचा हक्क गढीवाल्याचाच ठरतो, हे वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको.

१९५९ चा शस्त्र कायदा झाला. आज परवानाधारक दुकानात जातो तेव्हा एका वेळी किती काडतुसे न्यायची, वर्षात किती, हे परवान्यातच लिहिलेले असते. १८६९ मध्ये इंग्रजांनी काढलेल्या खडकीच्या कारखान्यात होणाऱ्या काडतुसांच्या बुडाशी ‘केएफ’ ही अक्षरे असतात, आणि जे मिळेल ते तो खिशात घालतो.

त्याच कायद्यात एक जुनी ओळ मात्र तग धरून आहे. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद तीत नाव घेऊन केलेली आहे. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला, तरी रानडुकरे आणि रोही यांनी सरहद्द मानलेली नाही. मंगरूळपीर-मालेगावकडे तुरीच्या शेतात मचाणावर असा कोणी बंदूकवाला राखणीला बसला असेल, तर दारू किती घालायची, ती ठासून वर छर्रे घालायचे की नुसताच बार काढून डुकरे पळवायची, हे तो स्वतःच्या हाताने मोजून ठरवतो.