मधल्या दिवसांचे फोटो

सकाळी सहाला आम्ही झेड ब्रिजवर पोचलो, तर आमच्या आधी दोन जोड्या हजर होत्या. एका मुलीने जांभळा गाऊन घातला होता. त्याचा लांबलचक घोळ एक असिस्टंट पोरगा हातात धरून उभा होता. फोटोग्राफरने खूण केली की तो घोळ हवेत उडवायचा आणि स्वतः पटकन खाली बसायचा, म्हणजे फोटोत दिसायला नको. दुसरी जोडी नऊवारी आणि धोतरात, बुलेटवर. आम्ही दोघं जीन्समध्ये. आमचा फोटोग्राफर जरा ओशाळून म्हणाला, "सर, दहा मिनिटं थांबू या. रांग आहे."

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. झेड ब्रिज म्हणजे नारायण पेठेतून डेक्कनला जाणारा, फक्त दुचाकींसाठीचा पूल. रोज संध्याकाळी त्याच्या कठड्याला लागून गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येक गाडीवर एक जोडी नदीकडे तोंड करून बसलेली असते. नदीकडे म्हणजे मुठेकडे, तेव्हा वासाचं काही विचारू नका. माझं घर पेठेतच आहे. लग्न ठरण्याआधी वर्षभर आम्हीही तिथे बसायचो. एकदा फिरायला आलेले एक काका गाडीजवळ थांबून म्हणाले होते, "घरी माहितीये का तुमच्या?" त्या सकाळी शूट चालू असताना तशाच वयाचे, तशीच कानटोपी घातलेले दुसरे काका आले. आमच्या फ्रेममध्ये येऊ नये म्हणून ते कडेला थांबले, क्लिक झाल्यावर हसून "अभिनंदन हां" म्हणाले आणि पुढे गेले.

पूल तोच, आम्ही दोघंही तेच. फरक एवढाच की समोर तीन माणसं कॅमेरा घेऊन उभी होती. हे काय झालं ते मला कळेना. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट अशी का वागते हे कळलं नाही की जुने लॉग उघडून बघायची सवय आहे. तसे हेही उघडून पाहिले.

आपल्याकडे कॅमेरा तसा लवकर आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतले सुरुवातीचे व्यावसायिक फोटोग्राफर झाले. पण तेव्हा बाहेर जाऊन फोटो काढणं म्हणजे अख्खी प्रयोगशाळा उचलून नेणं. काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत तिथल्या तिथे अंधारात धुवायची. समोरच्या माणसाने काही सेकंद हलायचं नाही, म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं कडक चेहऱ्याची दिसतात त्याचं एक कारण हे.

मग बाहेरची दृश्यं फोटोत आणायची कशी? विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतल्या फोटोग्राफरने मुंबईच्या जातीजमातींवर १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड छापले. त्यात माणसं एकीकडे टिपलेली आहेत, त्यांच्या मागची मुंबई दुसरीकडे, आणि दोन्ही जोडून एकच चित्र केलेलं आहे. फोटोशॉप १९९० चं. हे त्याच्या सव्वाशे वर्षं आधीचं. प्री-वेडिंग म्हणजे सगळा खोटेपणा, पूर्वीचे फोटो कसे खरे असायचे, असं कुणी म्हणालं की मला हे खंड आठवतात. स्टुडिओतले रंगवलेले पडदे तर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत: मागे बाग, जिना, कमान, आणि पुढे खुर्चीत बसलेला नवरा. बायको उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या खुर्चीतल्या जोडप्याचं लग्न झालेलं असायचं. लग्न ठरलंय पण झालं नाही, अशा दोघांचा एकत्र फोटो मला जुन्या अल्बमांत कुठे सापडला नाही. माझ्या घरच्या नाही, मित्रांच्या घरच्याही नाही. कारण शोधताना लक्षात आलं की तो मधला काळच आपल्याकडे नव्हता. म्हणजे वाट पाहणं होतं, पण ते लग्नानंतर. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना लग्न व्हायचं, वयात आली की सासरी नांदायला जायची. साखरपुडा ते लग्न यांत मुलीने मुलाला भेटायचा प्रश्नच नव्हता, ठरवणारी माणसं वेगळी होती. १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला तो याच लग्नानंतरच्या वाट पाहण्यावरून. शरीरसंबंधासाठी मुलीचं वय दहाचं बारा करायचं, एवढंच त्यात होतं, आणि त्यावरून पुणं पेटलं. टिळकांनी ‘केसरी’तून त्याला विरोध केला. पुढे १९०५ मध्ये त्यांनी घेतलेला गायकवाड वाडा, आताचा केसरीवाडा, माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. गणपतीत मी तिथे दरवर्षी जातो. तरी या एका बाबतीत त्यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि पेठेत राहून हे लिहिताना अजूनही जरा इकडेतिकडे पाहावं लागतं.

आणि लग्न झालेल्यांना तरी मोकळीक होती का? आनंदीबाई जोशींचं घ्या. जन्म पुण्यातला, १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न. अमेरिकेला निघण्याआधी, १८८३ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. वय सतरा. आपण परदेशी का जातो हे सांगताना त्यांनी रस्त्यावरचे अनुभवही सांगितले. मुंबईत पुस्तकं घेऊन, बूट-मोजे घालून शाळेत जाताना लोक खिडकीतून डोकी काढून बघायचे, काहीजण तर गाड्या थांबवायचे. बंगालमध्ये नदीकाठच्या रस्त्यावर फिरायला गेलं की गोरे शिपाई त्रास देत नाहीत, पण आपलेच बाबूलोक विचारतात: कोण तुम्ही, जात कोणती, कुठून आलात, कुठे चाललात. हे वाचलं तेव्हा मी थांबलोच. नदीकाठ, आणि "घरी माहितीये का?" मध्ये एकशे चाळीस वर्षं गेली तरी प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज ओळखीचा वाटला.

नंतरच्या घडामोडी भरभर सांगतो. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा केलं. १९७८ मध्ये ते अठरा आणि एकवीस झालं. मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या. कॅमेरेही हलके झाले. १९०० मध्ये कोडॅकचा ब्राउनी एक डॉलरला मिळायला लागला. आपल्याकडे नंतर आगफाचा क्लिक थ्री घरोघरी पोचला, एका रोलमध्ये बारा फोटो. मुंबईत होमाई व्यारावाला, पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून प्रसिद्ध झालेल्या, तेरा वर्षांच्या असताना माणेकशांना भेटल्या. कॅमेरा त्यांनीच शिकवला. लग्न झालं १९४१ मध्ये, म्हणजे ओळखीनंतर पंधरा वर्षांनी. पारशी घरांत एवढा मोठा मधला काळ मिळू शकत होता. आमच्या पेठेत तो यायला अजून बराच वेळ होता.

आमच्या आजीचं लग्न १९५९ चं. नदीच्या बाजूच्या वाड्यात, अंगणात मांडव. लग्नात फोटोवाला आला होता आणि त्याने दोघांचा म्हणून एकच फोटो काढला होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आजी दीड वर्षाच्या आत्याला काखेत घेऊन लक्ष्मी रस्त्याच्या दिशेने पळाली. दोन दिवसांनी परत आली तेव्हा खालच्या मजल्यावर कमरेएवढा चिखल होता. भांडी बरीचशी सापडली. फोटो नाही.

आमच्या हॉलमध्ये आजी-आजोबांचा जो ‘लग्नाचा फोटो’ लावलाय तो १९६३ मध्ये स्टुडिओत काढलेला आहे. हे मला चोविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. शालू शेजारणीचा, मुंडावळ्या दुकानातून नव्या आणलेल्या, मागे पडद्यावर कमळांचं तळं. आत्या तेव्हा तीन वर्षांची. तिला स्टुडिओवाल्याच्या मुलाने पडद्याबाजूला धरून ठेवलं होतं. नीट पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात फ्रॉकची झालर दिसते. मी आजीला म्हटलं, "म्हणजे हा फेक आहे!" ती म्हणाली, "लग्न खरं होतं ना?"

आई-बाबांचे फोटो १९९३ चे, महाबळेश्वरचे. छत्तीसचा रोल. त्यात आईचे वीस, बाबांचे बारा, एक काळा पडलेला आणि दोघांचे मिळून तीन. एकाने काढायचा तर दुसऱ्याने उभं राहायचं, तिसरा माणूसच नाही. ते तीनही पॉइंटवर भेटलेल्या अनोळखी लोकांनी काढलेले, त्यातल्या एकात बाबांचं डोकं अर्धं कापलं गेलंय. आणि हेही लग्नानंतरच. लग्नाआधी ते दोघं चार वेळा भेटले होते, त्यातल्या दोन वेळा मामा बरोबर होता.

मग ही मधल्या दिवसांची पद्धत आली कुठून? मोठा वाटा तैवानचा. तैपेईत रस्तेच्या रस्ते अशा दुकानांचे आहेत जिथे कपडे, मेकअप आणि लग्नाआधीचे फोटो एका पॅकेजमध्ये मिळतात. बॉनी एड्रियन या अभ्यासिकेने त्यावर २००३ मध्ये पुस्तकच लिहिलंय. लग्नाच्या जेवणावळीत दाराशी त्या जोडीचा भलामोठा फोटो लावायचा, ही तिथली रीत. आपल्या हॉलबाहेरच्या फ्लेक्सची आणि स्टेजजवळच्या एलईडी स्क्रीनची ती पूर्वज म्हणायला हरकत नाही. पुणेकरांसाठी आणखी एक दुवा मी माझ्या जबाबदारीवर जोडतो: २०१० चा ‘मुंबई-पुणे-मुंबई’. स्थळ नाकारायला आलेली मुलगी आणि पुण्यातला मुलगा दिवसभर शहरात हिंडतात. लग्न ठरवायच्या आधी दोघांनी नुसतं हिंडायचं, हे कांदेपोह्यांच्या गावात आईवडिलांनी थिएटरात बसून पाहिलं आणि त्यांना आवडलं.

आता साखरपुडा आणि लग्न यांत सात-आठ महिने सहज जातात. कार्यालयाची तारीख मिळत नाही, कुणाचं ऑनसाइट असतं, कुणाची रजा. या महिन्यांसाठी आपल्याकडे विधी नाही, सण नाही, नाव नाही. आमच्या होणाऱ्या सासूबाई मुलीला रात्रीच्या शोला पाठवायला तयार नव्हत्या, पण शूटसाठी पहाटे चारला ताम्हिणीला जायचं म्हटल्यावर त्यांनीच डब्यात धपाटे दिले. "फोटो आहेत ना" एवढंच म्हणाल्या.

ताम्हिणीत फोटोग्राफर म्हणाला, कड्याच्या टोकावर पाय सोडून बसा, ड्रोनने खालून वर घेतो. ती सरळ नाही म्हणाली. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला, तोंडाने मात्र "बघू या ना" म्हणत होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटकात तलकाडला अशाच फोटोंसाठी एक जोडी छोट्या होडीतून कावेरीत गेली, होडी उलटली, दोघंही बुडाले. फोटोत धाडस दिसावं म्हणून खरं धाडस करायची गरज काय, हा तिचा प्रश्न होता. मागे रंगवलेला पडदा असता तर हा प्रश्नच आला नसता. म्हणूनच की काय, आता शहराबाहेर तयार सेट भाड्याने मिळतात. लंडनचा लाल टेलिफोन बूथ, राजस्थानी झरोका, खोटा धबधबा. पडदा परत आलाय, फक्त आता तो तिन्ही बाजूंनी आहे आणि त्याला पार्किंग आहे.

गडावर शूट करायचं नाही हे मात्र आमचं आधीच ठरलं होतं. २०१९ मध्ये राज्यातले काही किल्ले हॉटेल आणि लग्नांसाठी भाड्याने द्यायची बातमी आली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. सरकारला खुलासा करावा लागला. गाऊन उडवण्यासाठी तटबंदीवर चढलेली माणसं मी पाहिली आहेत, दगड निसटतात. तिथे माझी सहानुभूती गडप्रेमींच्या बाजूला आहे. पण २०२५ मध्ये मराठा समाजातल्या मंडळींनी लग्नखर्चावर आचारसंहिता आणली आणि तीत प्री-वेडिंगलाही हात घातला, तेव्हा माझं मन दोन्हीकडे ओढलं गेलं. कर्ज काढून लग्न करू नका, हे शंभर टक्के बरोबर. आम्हालाही पहिलं कोटेशन साठ हजारांचं आलं होतं, ते आम्ही ड्रोन आणि गाऊन कापून बावीसवर आणलं. पण हा खर्च बंद करताना, ज्या मुलींना लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याबरोबर एक अख्खा दिवस घालवायला तेवढंच एक कारण मिळतं, त्यांना दुसरं कारण कोण देणार? त्या दिवशी गाडीत आम्ही पहिल्यांदा पैशांबद्दल नीट बोललो. माझं एज्युकेशन लोन, तिच्या बाबांचं आजारपण, कुणाच्या पगारातून काय. यातलं फोटोत काहीच नाही. फोटोत आम्ही धुक्याकडे बघतोय.

झेड ब्रिजवर आमचा नंबर आला तेव्हा ऊन वर आलं होतं. खाली भिडे पूल कोरडा होता. आमचे सहा-सात फोटो झाले आणि त्यातल्या एकात तिचे केस माझ्या तोंडात गेलेत. आम्ही तोच निवडला.

आजीला फोनवर दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा केला, आमचे चेहरे बाजूला सारले आणि मागचा नदीकाठ बघत बसली. आपला वाडा कुठे होता ते तिने मला दाखवलं. तिथे आता अपार्टमेंट आहे. मी तिला सांगितलं की फोटो क्लाउडवर आहे, लॅपटॉपवर आहे, हार्डडिस्कवरही आहे. तिने ऐकून घेतलं.

"बरं. पण एक कागदावर काढून आण," ती म्हणाली. "आणि माळ्यावर ठेव. खाली नको."