पुस्तकं कुणाच्या नावावर?

बँकेतल्या कारकुनाला कुठलीही वस्तू दिसली की पहिला प्रश्न पडतो : ही कुणाच्या नावावर आहे? ई-पुस्तकांचा इतिहास मी वाचला तो ह्याच खातेनिहाय नजरेनं.

ह्या इतिहासाचा आरंभ कारकुनीतून झाला, हे मला फार आवडलं. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स प्रणाली रचायला घेतली. नवं यंत्र मागितलं, तर वरिष्ठ मंजुरी देईनात. (साहेब तिथेही साहेबच!) मग मजकूर टाइप करायची सोय करून देतो, ह्या बोलीवर यंत्र मिळालं आणि १९७१ साली पेटंट खात्यातले टायपिस्ट युनिक्सचं पहिलं गिऱ्हाईक झाले.

त्याच वर्षी ४ जुलैला इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट ह्या विद्यार्थ्यानं अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप केला. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'चा तो श्रीगणेशा. प्रत कुणीही घ्यावी. घेतली की त्याची.

पुढे दुकानदार आले. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म'च्या विकलेल्या प्रती गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्या प्रकाशकाकडे हक्कच नव्हते. पैसे परत केले, माफीही मागितली. पण पाळतीवरची कादंबरी अशी गुपचूप नाहीशी व्हावी! २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे मिळाले, पुस्तकं गेली. आमच्या गल्लीतला रद्दीवालासुद्धा दुकान बंद करताना घरातली पुस्तकं मागायला येत नाही.

ह्यावरचा उतारा २००६ सालीच तयार होऊ लागला होता. सोनीचं वाचनयंत्र लिनक्सशी बोलेना. लिनक्स म्हणजे युनिक्सच्या वळणावर १९९१ साली घडलेली प्रणाली. कोविद गोयल ह्यांनी दोघांत दुभाषा म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. २००८ पासून त्याचं नाव 'कॅलिबर'. त्यातच सर्व्हरही आहे : पुस्तकं घरच्या एका संगणकात आणि वाचन घरातल्या कुठल्याही फोनवर.

मांडणी बँकेसारखीच. 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी. त्याला काउंटरवर बसवायचं नाही. सर्व्हरसाठी वेगळा वापरकर्ता नेमायचा. वाचणं, लिहिणं, चालवणं असे तीन अधिकार. मालक, गट आणि इतर असे तीन खातेदार. दार ८०८० क्रमांकाचं, त्यावर पासवर्ड. सगळ्या पुस्तकांची नोंद एकाच खतावणीत. तिच्यात एका वेळी दोन प्रोग्रॅमना लिहू द्यायचं नाही. आणि एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर, रोज. दुकानदारानं कुलूप घालून विकलेलं पुस्तक मात्र इथेही उघडत नाही. ते कपाट आपलं, किल्ली त्याची.

इथलं पुस्तक मात्र कुणी परस्पर नेत नाही. सर्व्हर बंद पडला तर तक्रार जरूर करावी. काउंटरपलीकडे आपणच बसलेले असतो, आणि जेवणाची सुट्टीही झालेली नसते.